आईच्या नावाने आणि आईच्या हाताखाली

५ जून २०२४ रोजी, पर्यावरण दिनाला, ‘एक पेड माँ के नाम’ ही मोहीम देशभर सुरू झाली. आईच्या नावाने एक झाड लावायचं आणि त्याचा फोटो काढायचा. त्याआधी महाराष्ट्राने आपली स्वतःची वृक्षलागवड मोहीम चालवली होती. २०१६ साली २ कोटी रोपांचं उद्दिष्ट होतं, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी. या मोहिमांच्या हेतूबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. पण मुलांना झाडांची गोडी लागावी हाही त्यांचा एक हेतू सांगितला जातो आणि तेवढ्यापुरतं स्पष्ट बोलायला हवं : अशाने गोडी लागत नाही. खड्डा दुसऱ्या कुणीतरी खणून ठेवलेला असतो. रोप पिशवीतून काढून हातात दिलं जातं. मुलाच्या वाट्याला माती लोटण्याची पाच मिनिटं येतात आणि ते रोप त्याला पुन्हा दिसत नाही. शिवाय ५ जूनला राज्याच्या बऱ्याच भागात मोसमी पाऊस पोचलेलाच नसतो. त्या दिवशी लावलेलं रोप पहिला आठवडाभर कुणाच्या तरी घागरीवर जगतं. ती घागर कोण नेतं, हे मुलाला कळतही नाही.

फुलझाडांची आवड ज्या घरात टिकून आहे, तिथे ती कशी आली हे पाहिलं तर उत्तर जवळपास सगळीकडे सारखं सापडतं. आई किंवा वडील रोज थोडा वेळ झाडांत असत आणि मूल त्यांच्या हाताखाली असे. झारी आणून दे, ही फांदी धर, पिवळी पानं वेच, कळ्या राहू दे आणि उमललेली तेवढी घे, पूजेपुरती घे, झाड ओरबाडू नकोस, तिन्हीसांजेला झाडाला हात लावू नकोस. यात कुठेही ‘निसर्गावर प्रेम करा’ असं वाक्य नसतं. दहा-दहा मिनिटांची कामं वर्षभर होत राहतात आणि त्यांच्या पोटी एक नजर तयार होते. पान सकाळी सुकलंय की दुपारी, हे पाहून पाणी कमी झालं की नुसतं ऊन लागलं हे ओळखणारी ती नजर. आवड या नजरेमागून येते. ज्याला पान वाचता येत नाही त्याला कुंडी म्हणजे घराची सजावट वाटते आणि सजावटीचा कंटाळा लवकर येतो.

म्हणून हा प्रश्न घरगुती राहत नाही. आईबापाला आणि मुलाला एकत्र हात घालायला माती उरली आहे का, ती माती कुणाच्या ताब्यात आहे, शाळेचं वेळापत्रक झाडाच्या वर्षाशी जुळतं का, हे सगळे सार्वजनिक प्रश्न आहेत. परसबाग होती तेव्हा मोरीचं पाणी आपोआप कर्दळीला आणि अळूला जायचं, तुळशीपाशी गुलबक्षी स्वतःहून उगवायची, आणि मूल तिथेच खेळत असायचं. शिकवण्यासाठी वेगळी वेळ काढावी लागत नव्हती. आता तीन खोल्यांच्या घरात ती वेळ आणि ती जागा मुद्दाम करावी लागते. ती कशी करायची हे सांगण्याआधी झाड मुलाला नेमकं काय शिकवतं, ते एका झाडाच्या आधाराने पाहू.

मूल आठ-नऊ वर्षांचं झालं की त्याच्यासाठी शेवंतीसारखं दुसरं झाड नाही, असं माझं ठाम मत आहे. तिचं वर्ष शाळेच्या वर्षाशी जवळजवळ तंतोतंत जुळतं. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा जुन्या झुडपाच्या कोवळ्या शेंड्यांच्या दोन-अडीच इंचांच्या काड्या काढायच्या. खालची पानं काढून टाकायची, वरची तीन-चार ठेवायची आणि चाळलेली वाळू व कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सम प्रमाणात घेऊन त्यात एक इंच खोल खोचायच्या. सावलीत ठेवायच्या, माती ओलसर ठेवायची, चिंब करायची नाही. दोन ते तीन आठवड्यांत मुळं धरतात. काडी हलकेच ओढली की अडते, ही मुलासाठी परीक्षा. रोज ओढून पाहिलं तर मुळं तुटतात, हा पहिला धडा. तो प्रत्येक मुलाला एक काडी मेल्यावरच पटतो, म्हणून एका काडीची गरज असेल तिथे सहा लावाव्यात.

मग कुंडी. आठ ते दहा इंचांची पुरते. माती दोन घमेली, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक घमेलं, कोकोपीट किंवा जाडी वाळू एक घमेलं आणि वर दोन मुठी निंबोळी पेंड. एवढ्यात तीन-चार कुंड्या भरतात. देशावरची काळी माती असेल तर वाळू दुप्पट घ्यावी, कारण काळी माती कुंडीत पावसाळ्यात चिखल धरते आणि उन्हाळ्यात कडेपासून सुटून भेगाळते. मग वरून घातलेलं पाणी भेगेतून सरळ खाली निघून जातं आणि मुळं कोरडीच राहतात. कोकणातल्या जांभ्या मातीचं उलट आहे. पाणी भराभर निचरतं, म्हणून तिथे खत आणि कोकोपीट वाढवावं. कुंडीच्या छिद्रावर खापराचा पालथा तुकडा ठेवायचा म्हणजे माती वाहून जात नाही आणि पाणी अडत नाही. शेवंतीला साचलेलं पाणी अजिबात सोसत नाही. जुलैच्या झडीत एक-दोन दिवस बूड पाण्यात राहिलं तर झाड उभ्या उभ्या मान टाकतं. अशा वेळी पालकाचा पहिला आवेग असतो आणखी पाणी घालण्याचा, कारण झाड सुकल्यासारखं दिसतं. मातीत दोन पेरं बोट घालून पाहायची सवय इथे कामाला येते. बोटाला ओल लागली तर झारी खाली ठेवायची.

रोप लावून साधारण चार आठवडे झाले आणि ते वीतभर उंच झालं की शेंडा खुडायचा. हा क्षण फार महत्त्वाचा आहे. आपण वाढवलेल्या झाडाचं वरचं टोक चिमटीने मोडायचं, हे मुलाला क्रूर वाटतं आणि कित्येक पालकांनाही. पण शेंडा गेला की पानांच्या बेचक्यांतले डोळे फुटतात, एकाच्या जागी चार फुटवे येतात आणि तेवढ्या पटीने फुलं मिळतात. आणखी तीन-चार आठवड्यांनी दुसरी खुडणी. ऑगस्ट संपल्यावर मात्र हात आवरायचा, कारण त्यानंतर खुडलेल्या शेंड्याबरोबर कळीही जाते. कधी हात लावायचा आणि कधी लावायचा नाही, हे छापील माहितीत वाचून लक्षात राहत नाही. शेजारी उभं राहून ‘आता नको’ म्हणणारं माणूस लागतं.

त्यानंतर येते या झाडाची सगळ्यात विलक्षण गोष्ट. शेवंती रात्र मोजते. दिवस लहान आणि रात्र लांब होऊ लागली की ती कळी धरते, रात्रीच्या अखंड अंधाराशिवाय धरत नाही. गॅलरीसमोर रस्त्याचा दिवा असेल किंवा जिन्यातला बल्ब रात्रभर जळत असेल, तर झाड हिरवंगार वाढत राहतं आणि डिसेंबर उजाडला तरी कळी दिसत नाही. लोक खत बदलतात, औषध मारतात, नर्सरीवाल्याला दोष देतात. उपाय इतकाच की सप्टेंबरपासून कुंडी अंधाऱ्या बाजूला हलवायची किंवा संध्याकाळी सातपासून सकाळी सातपर्यंत तिच्यावर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घालायचं, कळ्या नीट दिसेपर्यंत. व्यापारी शेतकरी हेच उलट वापरतात. फुलं लांबवायची असतील तर शेतात रात्री दिवे लावतात. दोन कुंड्या घेऊन एक दिव्याखाली आणि एक अंधारात ठेवली तर दहा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी जे कळेल, ते विज्ञानाच्या पुस्तकातल्या दोन पानांनी कळणार नाही. आणि ते घरात घडेल, चार महिने चालेल, आई-वडील त्यात बरोबरीचे असतील.

मावा ही कीड येईलच. कोवळ्या शेंड्यांवर काळे बारीक ठिपके, पानं चिकट, मुंग्यांची रांग. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवायचं. दोन दिवसांनी पुन्हा दिसला तर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निमतेल आणि भांडी घासायच्या द्रवसाबणाचे काही थेंब घालून संध्याकाळी फवारायचं. भर उन्हात फवारलं तर पानं भाजतात. खालची पानं काळपट होऊन वाळायला लागली तर तो बहुधा बुरशीचा ठिपका असतो. मातीवरून उडणारे पाण्याचे शिंतोडे तो वर नेतात, म्हणून पाणी पानांवर न घालता बुडाशी घालायचं.

लहान मुलांसाठी शेवंती लांबची वाट आहे. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला गुलबक्षी द्यावी. बी काळं, मिऱ्याएवढं, लहान बोटांना धरता येतं. आठ-दहा दिवसांत उगवतं आणि फुलं दुपार कलल्यावर उमलतात, म्हणजे नेमकी बालवाडीतून घरी आलेल्या मुलासमोर. गोकर्णाचं बी टणक असतं, ते रात्रभर पाण्यात भिजवून लावायचं. अबोलीच्या वाळक्या शेंगेवर पाणी शिंपडलं की ती तडकून बी दूर उडतं. कोकणात आणि गोव्यात वळेसरासाठी, म्हणजे केसांत माळायच्या गजऱ्यासाठी, अबोली लावणाऱ्या घरांतल्या मुलांना हा खेळ ठाऊक असतो, शहरातल्या मुलांना तो नव्याने दाखवायला हवा.

सहा-सात वर्षांच्या मुलाला झेंडू द्यायचा, पण इथे एक फसगत आहे. दसऱ्याची तोरणं उतरवली की घरोघरी ती फुलं वाळवून त्यांचं बी पेरलं जातं. बाजारातला टपोरा झेंडू बहुतेक संकरित असतो. त्याच्या कित्येक फुलांत बी पोचट निघतं आणि जे उगवतं त्याला आईसारखं फूल येईलच असं नाही. कधी एकेरी पाकळ्यांचं येतं, कधी झाड कमरेएवढं होऊन आडवं पडतं. मुलाला वाटतं आपलंच काही चुकलं. म्हणून पहिल्या वर्षी देशी किंवा ठेंगण्या फ्रेंच जातीचं बी आणावं. ते पेरणीपासून दोनेक महिन्यांत फुलतं. मोठ्या आफ्रिकन झेंडूला अडीच-तीन महिने लागतात, म्हणून दसऱ्याला घरचं फूल हवं असेल तर पेरणी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात व्हायला हवी. बी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा खोल घालू नये. रोपाला चार-पाच पानं आली की हलवायचं. आणि तोरणाचं बी पेरायचंच असेल तर मुलाला आधी सांगून पेरावं : यातून काय येईल ते ठाऊक नाही, पाहू. तेव्हा तीच फसगत शोध होते.

मोगऱ्याबद्दल सगळ्यांची तक्रार एकच, नुसती पानं येतात. कारणं बहुधा तीन असतात. ऊन पाच-सहा तासांपेक्षा कमी पडतं, नत्राचं खत जास्त होतं, आणि छाटणी होतच नाही. डिसेंबर सरता सरता पाणी तोडत आणायचं, जानेवारीच्या मध्यापासून छाटायचं, जुनी पानं उतरवायची, शेणखत घालून पुन्हा पाणी सुरू करायचं. दीड-दोन महिन्यांत नव्या फुटव्यांवर कळ्या लागतात. आईने हे दरवर्षी संक्रांतीच्या आसपास केलं तर मुलाला तारीख पाठ करावी लागत नाही. तिळगूळ आणि मोगऱ्याची छाटणी त्याच्या डोक्यात एकत्र बसतात. गुलाबाची छाटणी पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात. बाहेरच्या दिशेला तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, धारदार सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) तिरका काप द्यायचा. बोथट कात्रीने काडी चिरडते आणि तिथूनच ती काळी पडत खाली वाळत जाते. छाटणीनंतर साधारण ४५ दिवसांनी फूल. कलमाच्या गाठीच्या खालून येणारा फुटवा खुंटाचा, म्हणजे ज्या झाडावर कलम बांधलं त्याचा असतो, तो मुळापाशी काढावा. ठेवला तर तो सगळा जोर खातो आणि दोन वर्षांत ‘गुलाब जंगली झाला’ अशी तक्रार येते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात सिकेटर द्यायला हरकत नाही, हातमोजे घालून. बाप छाटतो आणि मुलगा नुसता पाहतो, असं पाच वर्षं चाललं तर सहाव्या वर्षी मुलगा पाहायलाही येत नाही.

इथे पालकांच्या चुकांकडे वळायला हवं, कारण बहुतेक घरांत आवड लागण्याआधीच मरते ती यांमुळे. पहिली चूक म्हणजे फुललेली कुंडी विकत आणणं. दिवाळीच्या सुमाराला मिळणारी गच्च फुललेली बुटकी शेवंती बऱ्याचदा वाढ रोखणारं रसायन देऊन बुटकी ठेवलेली असते. दुसऱ्या वर्षी तीच उंच, विरळ वाढते. शिवाय नर्सरीतलं रोप अनेकदा चिकट लाल मातीच्या घट्ट गोळ्यात येतं. तो गोळा एकदा कोरडा पडला की पाणी आत शिरत नाही, बाजूने ओघळून जातं आणि वरची माती ओली असूनही झाड सुकतं. लावताना गोळ्याची बाहेरची माती बोटांनी हलकेच मोकळी करावी आणि कोरडा असेल तर आधी कुंडीसकट बादलीत बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावा. दुसरी चूक सगळं काम माळ्याकडे सोपवण्याची. आठवड्यातून एकदा येणारा माळी झाडं जगवतो, पण मुलाच्या दृष्टीने ती त्याची झाडं असतात. तिसरी चूक पाण्याची. शुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारं पाणी झाडांना घालणं काटकसरीचं वाटतं, पण त्यात क्षार एकवटलेले असतात. काही महिन्यांत कुंडीच्या काठावर पांढरा थर येतो आणि पानांची टोकं करपतात. एसीतून ठिबकणारं पाणी त्यापेक्षा कितीतरी बरं.

चौथी चूक सगळ्यांत मोठी. मुलाच्या हातून मेलेलं झाड रात्रीत बदलून तिथे नवं ठेवणं. हे प्रेमाने केलं जातं आणि त्याने नुकसान होतं. मेलेल्या झाडाची कुंडी मुलाबरोबर उलटी करून पाहायला हवी. मुळं तपकिरी, मऊ आणि आंबूस वासाची असतील तर पाणी जास्त झालं. कोरडी, तुटकी असतील तर कमी पडलं. मातीत पांढऱ्या अळ्या सापडल्या तर शेणखत कच्चं होतं आणि हुमणी आली. पाच मिनिटांचं हे शवविच्छेदन रडू थांबवतं आणि पुढच्या झाडाची तयारी करतं.

आता जागेचा प्रश्न. शहरात माती मांडायला उरलेली सगळ्यांत मोठी जागा म्हणजे इमारतीची गच्ची, आणि तिला बहुधा कुलूप असतं. गृहनिर्माण संस्थेची हरकत दोन कारणांसाठी असते, वजन आणि गळती. दोन्ही कारणं खरी आहेत आणि दोन्हींना आकड्यात उत्तर देता येतं. बारा इंचांची भरलेली ओली कुंडी साधारण वीस किलोंची होते, कोकोपीट जास्त असेल तर त्याहून हलकी. माणसांच्या वापरासाठी असलेल्या गच्चीवर भारतीय मानकांनुसार दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो भार धरलेला असतो. चौरस मीटरमध्ये चार कुंड्या म्हणजे ऐंशी किलो. कुंड्या भिंतीकडेने आणि तुळईवर ठेवल्या, गच्चीच्या मधोमध ढीग केला नाही, तर निरोगी इमारतीला अडचण नाही. जुनी इमारत असेल तर अभियंत्याला विचारून आकडा ठरवावा. गळतीसाठी कुंड्या सहा इंच उंच लोखंडी घोडीवर किंवा विटांवर ठेवायच्या, म्हणजे खालून झाडता येतं, मुळं लाद्यांच्या सांध्यांत शिरत नाहीत आणि पाण्याचा उतार अडत नाही. कठड्यावर मात्र एकही कुंडी नको. खाली माणसं चालतात, हा नियम संस्थेने कडक ठेवावाच. कुंडीखालच्या थाळ्यांतलं पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून थाळी पुसली पाहिजे. डेंग्यू पसरवणारा डास अशाच पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतो.

महाराष्ट्रात गृहनिर्माण संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. त्या सभेत वाहनतळावर दोन तास जातात. तिथे एक ठराव मांडता येईल : गच्चीचा ठरलेला भाग, समजा पाचवा हिस्सा, मुलं असलेल्या घरांना प्रत्येकी चार कुंड्यांसाठी, वर्षभराच्या करारावर. अट इतकीच की मुलाबरोबर एक मोठं माणूस असेल आणि गच्चीची किल्ली सकाळी सात ते नऊ व संध्याकाळी पाच ते सात मिळेल. ठराव सप्टेंबरात झाला तर ऑक्टोबरात गुलाब छाटता येतो आणि हिवाळ्यातली फुलझाडं वेळेवर लागतात. जूनपर्यंत रेंगाळला तर पहिल्याच पावसात कुंड्या मांडण्याची धावपळ होते आणि निम्मी रोपं कुजतात.

गॅलरी असलेल्यांनी ऊन मोजावं, अंदाज करू नये. महाराष्ट्र सगळा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणून जूनच्या सुमारास दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो आणि उत्तरेच्या गॅलरीत ऊन येतं. डिसेंबरात तिथे थेंबभरही येत नाही. दक्षिणेच्या गॅलरीत हिवाळ्यातलं ऊन आतपर्यंत पोचतं. शेवंती दक्षिणेला, पावसाळ्यातला तेरडा आणि गुलबक्षी उत्तरेला. दर महिन्याच्या एका रविवारी खडूने जमिनीवर उन्हाची कड आखून तारीख घालायची, बारा महिन्यांत घराचा स्वतःचा नकाशा तयार होतो. हे काम मुलालाच द्यावं.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. सगळं आईबापावर सोपवलं तर ज्यांना वेळ नाही, ज्यांना स्वतःला काही येत नाही, त्यांच्या मुलांचं काय? दोन पाळ्यांत काम करणाऱ्या घराला शेवंतीचं वेळापत्रक सांगणं हा सल्ला नव्हे, जाच आहे. हे मान्य करून असं म्हणता येईल की आईबाप हे नातं जितकं महत्त्वाचं, तितकंच हाताखाली काम करणं महत्त्वाचं, आणि ते दुसरं कुणीही देऊ शकतं. इमारतीचा पहारेकरी अनेकदा गावाकडचा शेतकरी असतो. महापालिकेच्या उद्यानांत रोज कापणी, छाटणी, रोपं हलवणं चालतं आणि नागरिकांना मात्र ‘फुले तोडू नका’ एवढीच पाटी दिसते. तीच कामं महिन्यातून एका रविवारी मुलांसमोर, मुलांच्या हातून करून घेतली आणि माळ्याला त्याचं वेगळं मानधन दिलं, तर नवीन योजना लागणार नाही. पुण्यात एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरतं, मुंबईत महापालिका राणीच्या बागेत भरवते. दोन्हीकडे तुफान गर्दी होते. तिथे येणारं मूल तयार फूल पाहून परत जातं. त्याच जागी आदल्या जूनमध्ये शेवंतीच्या मुळं धरलेल्या काड्या वाटल्या आणि जानेवारीत त्याच कुंड्या परत आणायला सांगितल्या, तर प्रदर्शनात मोठ्यांच्या शेजारी मुलांचीही एक रांग लागेल, वाकड्यातिकड्या झाडांची का होईना.

दुसरा आक्षेप असा की फुलांपेक्षा भाजी लावा, देशी वृक्ष लावा, फूल ही चैन. भाजी जरूर लावावी. पण फूल मुलाला जितकं लवकर आणि ठळक उत्तर देतं तितकं दुसरं काही देत नाही. राहिला देशीपणा. झेंडू आणि निशिगंध मेक्सिकोकडचे, सदाफुली मादागास्करची, शेवंती चीनकडून आलेली. दसऱ्याचं तोरण आणि देव्हाऱ्यातली वेणी या पाहुण्यांवरच उभी आहे. जंगल राखताना देशी-परका भेद करायलाच हवा, कुंडीत तो लागू करायचं कारण नाही. आणि चैन म्हणावी तर तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याला खाली पाच भोकं पाडली की कुंडी तयार होते. चाळीच्या गॅलऱ्यांत कित्येक वर्षं तुळस आणि शेवंती अशाच डब्यांत वाढली.

फुलं ज्यांची शेती आहे त्यांच्याकडे हीच गोष्ट वेगळ्या वजनाने येते. पुरंदरसारख्या तालुक्यात मुलं लहानपणापासून तोडणीला असतात. आईबापांचं ज्ञान त्यांच्याकडे पुरेपूर येतं, आवड येईलच असं नाही, कारण भाव पडला की तोडलेलं फूल बांधावर फेकताना त्यांनीच पाहिलेलं असतं. शहरी पालकांनी आपल्या मुलाला एकदा तरी मार्केट यार्डात किंवा दादरच्या फुलबाजारात पहाटे न्यावं आणि किलोभर शेवंतीत किती फुलं बसतात ते मोजायला लावावं. ज्याने सात महिने एक झाड सांभाळून चाळीस फुलं पाहिली आहेत, त्याला त्या किलोचा भाव वेगळा कळतो.

शाळांनी लागवड दिन बंद करावा असं मी म्हणणार नाही, पण त्याच्या जोडीला एक लागवडीचं वर्ष करून पाहावं. पाचवीच्या प्रत्येक मुलाला जूनमध्ये दोन काड्या, आठ इंचांची एक कुंडी किंवा डबा. गुण नाहीत, स्पर्धा नाही. कुंडी आठवड्यातले पाच दिवस शाळेत आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी, म्हणजे घरातल्या मोठ्यांना तिच्यात ओढलं जातं. जानेवारीत फुलं संपली की देठ जमिनीपासून तीन बोटं ठेवून कापायचे आणि कुंडी फेकायची नाही. बुडाशी नवे मुनवे, म्हणजे मुळापासून फुटणारे कोंब, येतात. फेब्रुवारीत ते मुळासकट वेगळे करायचे. एका झाडाचे चार-सहा निघतात. उन्हाळा हा खरा कसोटीचा काळ, कारण एप्रिल-मेमध्ये घर गावाला जातं. कुंड्या सावलीत एकत्र ठेवाव्यात, मातीवर वाळक्या पानांचा दोन इंच थर द्यावा आणि शेजाऱ्याला दिवसाआड अर्धा लिटर पाणी घालायला सांगावं. सुती दोरीचं एक टोक बादलीत आणि दुसरं मातीत खोचलं तरी आठवडा निघतो. सहापैकी दोन मुनवे जगले तरी पुरे. जूनमध्ये त्यांचे शेंडे काढून नव्या पाचवीला द्यायचे, आणि काडी कशी खोचायची हे सहावीतल्या मुलांनी दाखवायचं.